शेजारची सीट

गाडीच्या पुढच्या काचेला तडा गेल्याचं नवऱ्याने सांगितलं, तेव्हा तिने पहिलं विचारलं, "तेव्हा शेजारी कोण बसलं होतं?"

"कुणी नाही गं बाई," तो वैतागला.

सकाळी काचवाला व्हॅन घेऊन दारात आला. त्याने जुनी काच कापून काढली, कडेने काळा गोंद फिरवला आणि नवी काच अलगद बसवली. "गोंद धरेपर्यंत गाडी हलवू नका, दारंही आपटू नका," असं बजावून तो हत्यारं ठेवायला गेला.

नवरा स्टिअरिंगमागे बसून फोन बघत होता. तिने समोरून नव्या काचेतून पाहिलं. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून एक बाई बसली होती.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. धावत जाऊन तिने दार उघडलं. सीट रिकामी होती.

ती तिथेच ठाण मांडून बसली. सीट उबदार होती.

काचवाला काच पुसायला परतला आणि आत बघून हसला. "ताई, एका सीटवर दोघी कशाला? एकीने मागे बसा की."

नवरा तिच्याकडे वळला. "खरंच," तो म्हणाला, "तू जा मागे."