दुसरी टाकी

दुसरी टाकी मिळावी म्हणून मुख्य कार्यालयात खेटे घालून सांडपाणी केंद्राच्या साहेबांच्या चपला झिजल्या होत्या. शेवटी एकदाची पाहणी समिती यायची ठरली. आहे ती टाकी बघून मगच ती दुसऱ्या टाकीचं आणि शहराबाहेरच्या नव्या वसाहती इथे जोडायचं ठरवणार होती.

आता रोज सकाळी सगळं शहर एकदम आंघोळीला बसलं, की साहेबांची एकुलती एक टाकी उतू जाऊन फेस पार फाटकापर्यंत यायचा. पाहुण्यांसमोर शोभा नको, म्हणून साहेबांनी पाणीपुरवठ्यातल्या आपल्या साडूला गाठलं. "उद्या सकाळी तेवढे नळ बंद ठेव रे. माझ्या अब्रूचा प्रश्न आहे."

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतःही नुसती पावडर थापून कामावर आले. टाकी निम्मी रिकामी, वासाचं नाव नाही. समितीच्या अध्यक्षबाई कठड्यावरून वाकून बघतच राहिल्या.

"वा! इथे तर आणखी एक शहर मावेल. नव्या वसाहती मंजूर. आणि तुमची ती दुसरी टाकी रद्द. हवीय कशाला?"

 तेवढ्यात साडूचा फोन आला.

"गेले का पाहुणे? मग सोडतो पाणी. अख्खं शहर बिनआंघोळीचं खोळंबलंय."