चिंधी बांधलेली घंटा

आत घंटा खणखणली आणि करामोने समाधानाने मान डोलावली. शाळेच्या खिडकीखाली, आंब्याच्या सावलीत खुर्ची टाकून तो सकाळपासून कान देऊन बसला होता. अल्कालो होता तो, गावाचा मुखिया. इथे बसू नका असं त्याला सांगणार कोण?

मत द्यायचं म्हणजे हातात मिळालेली गोटी पिंपाच्या नळीत सोडायची. ती आतल्या घंटेवर आपटली की मत पडलं. पिंपं दोन होती. एकावर मोठ्या साहेबांचा फोटो. ते बंदुकीच्या जोरावर सत्तेवर आले होते आणि जायचं नाव घेत नव्हते. दुसऱ्यावर विरोधकांचा. सायकलच्या घंटीशी घोटाळा नको म्हणून शाळेजवळ सायकलींना सरकारी बंदी होती. करामोने वर आपली एक लावली: मतदान संपेपर्यंत गावात उखळात मुसळ पडता कामा नये. त्याला ऐकायला त्रास होतो म्हणे! घरोघरी लोकांनी शिळा भात खाल्ला.

काल पिंपं उतरवताना त्याने विरोधकांच्या घंटेला चिंधी बांधली होती. आणि हे लपवलं म्हणता? छे! रांगेतल्या प्रत्येकाच्या कानावर त्याने स्वतःच घातलं. "साहेबांची घंटा वाजते ठण्ण. दुसरी वाजेल ठप्प. संध्याकाळी जीप येईल, मला फक्त नावं सांगायचीत."

मग काय, ठण्ण, ठण्ण, ठण्ण. बाहेर आलेला माणूस कोणाकडे न बघता घरची वाट धरायचा.

सार्जोची पाळी आली. भुईमूग काढायच्या दिवसांत तिचा मुलगा यांकुबा त्याच जीपमधून गेला होता. चहाच्या बैठकीत तो एवढंच म्हणाला होता, "हे साहेब कधी म्हातारे होतात की नाही?" सगळे हसले. हसणाऱ्यांतल्याच कोणीतरी चहाडी केली.

"ये गं भातखाऊ!" करामो म्हणाला. सार्जोच्या आणि त्याच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचं थट्टेचं नातं होतं. एकाने काहीही बोलावं, दुसऱ्याने राग धरायचा नाही. पण पुढचं तो हळू आवाजात बोलला. "गोटी नीट टाकलीस तर पोरगा आठवड्यात घरी येईल. ठप्प वाजलं, तर त्याचं तोंड विसर."

"तुझ्या आजाने आमची गुरं राखली, आणि तू मला हाकतोस होय रे?" सार्जो म्हणाली. एरवी रांग खो खो हसली असती. आज कोणी हसलं नाही.

पडद्याआड ती एकटी होती. गोटी घामाने ओली झाली होती. हात आपोआप साहेबांच्या पिंपाकडे गेला. पोर घरी येईल. जेवेल, झोपेल, आणि दोन दिवसांनी पुन्हा तोंड उघडेल. मग पुन्हा जीप. तोंड मिटून बसायला तिने त्याला कधी शिकवलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते शिकवायचंही नव्हतं. तिने हात मागे घेतला.

ठप्प.

ती बाहेर आली ती थेट करामोच्या खुर्चीपुढे जाऊन उभी राहिली. "नीट ऐकलंस ना? यांकुबाची आई सार्जो. सांगताना चुकू नकोस."

"पोर हातचं घालवलंस, मूर्ख बाई!"

"ते तुम्ही कधीच नेलंत. आता आणखी काय नेणार?"

रांगेत सार्जोच्या मागे नाफी उभी होती, करामोची थोरली बायको. ती खाली मान घालून आत गेली.

ठप्प.

करामो खुर्चीतून अर्धा उठला. नाफी बाहेर आली. "अहो मुखिया, माझा डोक्याचा रुमाल फाडून ती चिंधी केलीत ना? न विचारता? आता संध्याकाळी पहिलं नाव माझं सांगा."

आधी एक बाई फिस्सकन हसली, मग सगळी रांगच हसायला लागली. त्यानंतर आतून ठप्प, ठप्प, ठप्प. मध्येच एखादं ठण्ण वाजलं की लोक त्या माणसाकडे वळून बघत. करामोने दिवसभर गावची मुसळं गप्प बसवली होती, आणि शाळेतून हुबेहूब कांडणाचाच आवाज येत होता!

ऊन उतरलं, मतदान संपलं. सार्जोने शाळेसमोरच्या आपल्या अंगणात उखळ ओढलं आणि मुसळ उचललं. नाफी समोर येऊन उभी राहिली, दुसरं मुसळ घेऊन. मग शेजारच्या अंगणात, मग त्यापलीकडच्या. सगळं गाव दणदणायला लागलं, आणि त्या दणदणाटातच जीप येऊन थांबली.

काळ्या चष्म्याचा माणूस उतरला. "बोला मुखिया, कोणाकोणाचं ठप्प वाजलं?"

करामोने सार्जोकडे पाहिलं. तिने मुसळ खाली आणलं, तेही त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून. त्याने नाफीकडे पाहिलं. तिने तर हात थांबवलाही नाही.

करामोने कानामागे हात धरला आणि तो ओरडून म्हणाला, "काय सांगू साहेब! या बाया सकाळपासून कांडताहेत. मला काहीएक ऐकू आलं नाही!"