नवशाने जिलबी नाकारली

काळूरामने कढईतली सगळ्यात टपोरी जिलबी नवशाच्या ओठांना लावली आणि नवशाने तोंड फिरवलं.

धसईच्या बाजारात असं आजवर घडलं नव्हतं. नवशा भुईवर बसला होता. तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला, उजवा हात मेलेल्या घोरपडीसारखा लोंबलेला. डोकं मात्र लख्ख होतं, आणि तेच वाईट होतं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरबाईंनी परवाच बजावलं होतं: बाबा, तुमची साखर चढलीय, अशात लकव्याचा झटका आला तर मेंदूला दुप्पट मार बसतो.

पण हे बाजाराला कुठं ठाऊक? बायकोने, म्हणजे बाईजाने, गुळाचा डबा कुलपात घातला त्या दिवसापासून नवशाने बाजारभर उलटीच गोष्ट पेरली होती. मधुमेहाच्या गोळीने माझी साखर एकाएकी पडते. डोळे पांढरे झाले की काही विचारू नका, तोंडात गोड घाला, नायतर नवशा गेलाच समजा. मग दर बाजाराला डोळे पांढरे होत, जिलब्या येत, आणि चौथ्या जिलबीला नवशा शुद्धीवर येई.

आज बाजार शिकवल्याप्रमाणे धावला. कुणी उसाचा रस आणला, कुणी गुळाची अख्खी ढेप. सिद्धगडच्या रानातून आलेल्या बुधूने तर मधाचं पोळंच पुढं केलं, माशांसकट. दोन माशा नवशाच्या नाकावर बसल्या. ओरडायला तोंड उघडायची सोय नव्हती.

खोटं बोललो रे, एवढंच त्याला सांगायचं होतं. जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला गेला, तर बाहेर आलं, "बाबाबा."

आणखी मागतोय, असं लोक म्हणाले.

नवशाने डाव्या हाताने आपलंच तोंड गच्च दाबून धरलं. काळूरामचा झारा हवेतच राहिला.

"थांबा रे. फुकटच्या जिलबीला नवशा नाय बोलतो? हे साखर पडल्याचं काम नाय. गाडी काढा."

वांग्यांच्या टेम्पोत, वांग्यांवरच आडवा घालून त्याला मुरबाडला नेलं. साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, झटका म्हणजे वणवा आणि अंगातली साखर म्हणजे वारा. आणखी गोड घातलं असतं तर अर्धं रान गेलं असतं. वेळेत आणलंत. काळूरामला भरून आलं. त्याने धावत आलेल्या बाईजाला धीर दिला की वहिनी, काळजी नको, दर बाजाराला यांची साखर पडायची, आमीच चार-चार जिलब्या घालून सांभाळायचो.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवशाची जीभ सुटली. त्याने नर्सकडे पाणी मागितलं, थँक्यूसुद्धा म्हणाला. तेवढ्यात बाईजा आली. तिने स्टूल खाटेला लावलं आणि पदर खोचला.

"दर बाजाराला साखर पडायची म्हणं तुमची. बोला."

नवशाने तोंडाचा उजवा कोपरा हळूच खाली सोडला, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाबाबा."