गाडीची हनुवटी

"हा तुमच्याच हातचा ना?" बाईंनी कापडात गुंडाळलेला तुकडा टेबलावर उलगडला.

आक्काने चष्मा सारखा केला. काळ्या कार्बनची रुंद पट्टी, मधोमध तुटलेली. ट्रॅकवर पळणाऱ्या गाडीच्या नाकाखाली, जमिनीला टेकेल अशी पुढे आलेली ही पट्टी, म्हणजे स्प्लिटर. वेगात वारा तिच्यावर दाबतो आणि गाडीचं नाक रस्त्याला धरून राहतं. आक्काचा नवरा तिला गाडीची हनुवटी म्हणायचा. "बायको जगाच्या हनुवट्या घडवते," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "माझी तेवढी तिला सुधारता आली नाही."

"माझाच आहे," आक्का म्हणाली.

"मग नवा करून द्या. अगदी तसाच. गाडी होती तशी उभी करायचीय. यांना बघून बरं वाटेल."

'हे' म्हणजे साहेब. आक्काचं जुनं गिऱ्हाईक. मागच्या हंगामात त्यांची गाडी भर वेगात वळण न घेता सरळ गेली आणि भिंतीवर आदळली. जीव वाचला. पाय गेले, वाचा गेली. उजवा हात जेमतेम हलायचा.

बाई गेल्यावर आक्काने तुकडा उलटा केला. पट्टी गाडीला तोलून धरायला वरून दोन दांडे असतात. डावा मुळापासून वाकला होता. उजव्याचा नट नव्हता आणि त्याचे आटे नव्यासारखे शाबूत होते. ओढ बसून निघालेला नट आटे खरवडून जातो. हा फिरत फिरत निघाला होता.

तो नट तिनेच आवळला होता. की आवळायचा राहिला होता?

"तुझा हात तसा नाही," तिने तुकडा दाखवल्यावर नवरा म्हणाला.

"आटे खोटं बोलत नाहीत."

पुढच्या आठवड्यात बाई साहेबांनाच घेऊन आल्या. "घरी नुसते भिंतीकडे बघत बसतात. डॉक्टर म्हणाले, आवडीच्या गोष्टींजवळ न्या. चालेल ना?"

नाही कोण म्हणणार? साहेबांची चाकांची खुर्ची मग रोजच वर्कशॉपच्या खिडकीशी दिसू लागली. बाई त्यांचं तोंड पुसायच्या, शाल नीट करायच्या, चमच्याने पाणी पाजायच्या. आजूबाजूचे दुकानदार म्हणायचे, अशी बायको मिळायला नशीब लागतं.

साहेब मात्र आक्काच्या हातांकडेच बघायचे. ती कापड साच्यावर अंथरे, राळ लावी, कडा घासे. ते डोळे हातांवरून हलत नसत. पाठ केली तरी तिला ते मानेवर जाणवायचे. यांना ठाऊक आहे, तिला वाटायचं. ते बिचारे बोलू शकत नाहीत, एवढंच.

त्या नजरेचा भार हलका व्हावा म्हणून ती त्यांना कामाला लावू लागली. खुर्चीला जेवणासाठी फळी होती, तिच्यावर पाना ठेवून म्हणायची, "धरा हं साहेब, आता तुम्ही माझे मदतनीस." साहेबांची बोटं हळूहळू पान्यावर मिटायची. बाई कौतुकाने हसायच्या.

"दांडा सुटला तर चालवणाऱ्याला कळतं का हो?" बाईंनी एकदा विचारलं.

आक्काचा हात थांबला. "सरळ रस्त्यावर नाही कळत. वळणावर कळतं. पण तेव्हा चाक ऐकत नाही."

"म्हणजे यांना आधी काहीच कळलं नसेल."

"नसेल."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि रुमालाने डोळे टिपले.

गाडी तयार झाली त्या दिवशी साहेबांनी बोट आधी गाडीकडे नेलं, मग बाईंकडे. पुन्हा गाडीकडे.

बाई लाजल्या. "मी चालवावी म्हणतात. लग्नाआधी पळवायचे मी. यांच्याहून बरीच."

ट्रॅकवर सकाळचं ऊन होतं. आक्काने गाडीच्या नाकाशी गुडघे टेकले, दोन्ही नट जीव खाऊन आवळले, आणि नटावरून दांड्यावर पिवळ्या रंगाची एकेक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल. या वेळी तिला स्वतःवर विश्वास ठेवायचा नव्हता. साहेबांची खुर्ची गाडीच्या नाकाशीच होती; पाना त्यांच्या फळीवर ठेवून ती हात धुवायला गेली. बाई हेल्मेट तपासून घ्यायला गेल्या होत्या.

ती परतली तेव्हा बाई गाडीत बसत होत्या. "माझ्याकडेच बघायचं हं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. गाडी निघाली.

आक्का खुर्चीशेजारी उभी राहिली. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं तिला वाटलं.

"साहेब, त्या दिवशी उजवा नट बहुतेक माझ्याकडूनच सैल राहिला. मला माफ करा."

साहेबांनी मान हलवली. नाही.

गाडी लांबच्या टोकाला सरळ रस्त्यावर आली. इंजिनाचा आवाज चढत गेला. साहेबांनी उजवा हात उचलून कठड्यावर ठेवला, अगदी सहज. बोटांच्या टोकांना पिवळा रंग लागला होता, ओला.

"त्या दिवशी तिनं एकच सैल केला होता," ते म्हणाले. आवाज स्वच्छ होता. "मी दोन्ही केले."