परत आणलेला गाडा

तिसऱ्या दिवशीही कुणी हललं नाही. दिनकररावांनी माळावर चुन्याच्या रेघा मारून दहा-दहा पावलांवर झोपड्यांच्या जागा आखून दिल्या होत्या. त्या जागांवर फक्त शेळ्या चरत होत्या.

खाली, पूर्णेच्या काठाला, धरणाच्या कामावर आलेल्या मजुरांच्या दीडशे झोपड्या एकमेकींना टेकून उभ्या होत्या. एका घरात कुणी खोकलं की तिसऱ्या घरातलं मूल जागं व्हायचं. पटकीनं आठ दिवसांत अकरा माणसं नेली होती. निम्मी वस्ती माळावर गेली तर साथ आटोक्यात येईल, हे आरोग्य निरीक्षक दिनकररावांनी हात जोडून सांगितलं, मग ओरडून सांगितलं. लोक मान डोलवायचे आणि परत चुलीपाशी जाऊन बसायचे. माणूस तसा भला होता. आजाऱ्यांची घाण त्यांनी स्वतःच्या हातांनी काढली होती. पण आता त्यांचंही डोकं फिरायच्या बेतात आलं होतं.

शेवटी धुरपदाबाईच त्यांच्या राहुटीपाशी आली. ती सोनपेठकडची. तिच्या खोपीत सात माणसं होती, त्यात सून कोकिळा आणि दहा महिन्यांची नात. काल तिच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून तिरड्या उठल्या होत्या.

"तुमाला कुणी सांगितलंच न्हाई, साहेब," ती म्हणाली. "मागल्या मंगळवारी आमी मरीआईचा गाडा वढत नेला आन त्याच माळावर सोडून आलो. जिथं रोगराईच्या देवीला पोचवली, तिथं लेकरं घिऊन कोण ऱ्हाईल?"

दिनकररावांनी कपाळावर हात मारला. एवढा मोठा माळ आखला, आणि कडेला उभा असलेला तो हातभर लाकडी गाडा त्यांनी पोरांचं खेळणं समजून सोडून दिला होता.

"मग आत्ता माणूस पाठवतो आणि नदीत टाकतो."

"टाका. उद्यापासून तुमची सुई कुणी टोचून घ्यायचं न्हाई."

मग म्हातारीनंच विचारलं, "माळावर गेली तर माझी नात वाचंल का? खरं सांगा."

"तिथं वाचेल असं वाटतं, आजी. इथं राहिली तर मी काहीच सांगू शकत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरीच्या वेळेला धुरपदाबाई माळाकडून येताना दिसली. कंबरेला दोरी बांधलेली, आणि मागं खडखडत मरीआईचा गाडा. हळदीकुंकू, हिरव्या बांगड्या, वाळलेला लिंबाचा पाला, सगळं तसंच. बायकांच्या भाकरी तव्यावर करपल्या. शिवेबाहेर घातलेली देवी परत आणल्याचं कुणी आजवर ऐकलं नव्हतं.

"म्हातारीला येड लागलंय," कुणीतरी म्हणालं. पण अडवायला कुणी पुढं झालं नाही. हात कोण लावणार?

गाडा तिनं वस्तीच्या मधोमध, आपल्याच खोपीत नेला. घरच्या बाकीच्यांना आणि रडणाऱ्या कोकिळेला लेकरासकट बाहेर काढलं आणि ती सुनेला म्हणाली, "माळावर जा. आता ती जागा मोकळी हाय. माझ्या सावलीलाबी यिऊ नको."

दुपारपर्यंत तिच्या चारी बाजूंच्या झोपड्या उकलल्या. ताट्या, बांबू, गाडगीमडकी डोक्यावर घेऊन माणसं माळाची वाट धरत होती. चुन्याच्या रेघा कमी पडल्या, दिनकररावांना आणखी माराव्या लागल्या. म्हातारीची ती युक्ती आठवून त्यांना राहून राहून हसू येत होतं.

संध्याकाळी ते मुद्दाम खाली उतरले. ओसाड जागेत एकच खोप उरली होती आणि दारात धुरपदाबाई बसली होती. त्यांना तिचं फार कौतुक वाटत होतं.

"आजी, लई हुशार तुम्ही. मला चार दिवसांत जमलं नाही ते एका लाकडाच्या गाड्यानं करून दाखवलंत."

म्हातारी हसली नाही. पदर तोंडाला लावून ती मागं सरकली.

"लांबूनच बोला, साहेब. ती आत बसलीय. नातीला सोड आन मला घे, असं कबूल करूनच तिला घरात आणलंय."