पोटरीलगतचा पाइप

दोन सिलिंडरच्या व्ही-ट्विन मोटारसायकलच्या सायलेन्सरचे दोन्ही पाइप शौकत मिस्त्रींनी तीन आठवडे खपून हाताने वाकवले होते. घोरपडे सरांच्या हट्टापायी ते उजव्या पोटरीलगत नेले होते. सर उद्या आपल्या या गाडीवरून एकटेच हंपीला निघणार होते.

“काय गरजतीय बघा, मिस्त्री!” गाडीवर बसून सर रेस वाढवत होते.

कापड जळल्याचा वास आला. पाइपला टेकलेली सरांची पँट धुमसत होती आणि सर हसतच होते.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून त्यांचा पाय बाजूला ओढला. पोटरी सोलली होती.

“सर, चटका कळला नाही?”

“शुगरनं पाय बधिर झालाय. घरात बोलू नका.”

मिस्त्रींनी पाना उचलला. “पाइप डावीकडून काढून देतो.”

सर म्हणाले, “डावाही तसाच आहे.”

पाना खाली ठेवून मिस्त्री म्हणाले, “वहिनींचा नंबर सांगा.”