अर्धवट भरलेलं स्थळ

"मागच्या पानावर गेलं की भरलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून माणसं कंटाळून पळून जायची," ती फोनवर साहेबांना सांगत होती. "आता नाही जाणार. माझी हमी."

लग्न जुळवणाऱ्या साइटचा सात पानी फॉर्म तिने नव्याने लिहिला होता. प्रत्येक पानावर भरलेलं आता त्या माणसाच्या ब्राउझरमध्येच साठून राहायचं. मागे जा, पुढे जा, संगणक बंद करून खुशाल झोपा. दुसऱ्या दिवशी फॉर्म जिथे सोडला तिथूनच सुरू व्हायचा. शेवटचं 'पाठवा' बटण दाबलं की मात्र साठवलेलं आपोआप साफ.

साइट सुरू झाली त्याच आठवड्यात तिने घरच्या संगणकापुढे बाबांना बसवलं. बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. आई गेल्यापासून ते दुकानातून लवकर परतायचे आणि टीव्ही नुसता चालू ठेवून बसायचे.

"काहीतरी खोटं भरा. मागेपुढे करा, अर्ध्यावर सोडून द्या, हवा तेवढा छळा त्याला," ती म्हणाली. "फक्त शेवटचं बटण दाबू नका. ते खरंच जातं."

"छळायला मला जमेल," बाबा म्हणाले.

त्यांनी काम फारच मनावर घेतलं. रोज जेवण झालं की थोडं थोडं भरायचे. आवडीनिवडींच्या पानावर तर बरेच रेंगाळले. ती खोलीत आली की स्क्रीनवर हात ठेवायचे.

तिला संशय आलाच.

"बाबा, माझं लग्न काढलंत ना, तर घर सोडून जाईन."

"कुठे जाशील? चहा तरी येतो का करता?"

"मला एकटीला मस्त जमतं. कुणाची गरज नाही."

"तुला जमतं गं," बाबा म्हणाले आणि पुन्हा टाइप करू लागले.

रविवारी सकाळी तिने संगणक उघडला. बाबांनी कुठवर मजल मारली ते तिला बघायचं होतं. फॉर्म कोरा होता. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक अक्षर नाही.

साहेबांना छातीठोक हमी देऊन बसलेली! तिने सगळा कोड पुन्हा वाचून काढला. कुठेही खोट नव्हती. चूक तिची नव्हती, याची खात्री पटली. मग फॉर्म रिकामा व्हायला एकच वाट उरत होती.

"बाबा! पाठवलात तुम्ही?"

बाबा आरशासमोर भांग पाडत होते.

"परवाच. तुझं काम चोख आहे हं. मी इतक्यांदा मागेपुढे केलं, पण काही इकडचं तिकडे झालं नाही."

"आणि हा नवा शर्ट?"

"पाहुणे येतायत."

"कसले पाहुणे?"

"बघायला," बाबा खाली बघत म्हणाले. "मी तुला सांगणारच होतो, पण तू..."

बेल वाजली. बाबा जागचे हलेनात. तीच तरातरा दाराकडे गेली.

दारात करड्या केसांची एक नीटनेटकी बाई होती. तिच्या शेजारी साधारण हिच्याच वयाचा एक उंच माणूस उभा होता. दिसायला चांगला होता, त्यामुळे ती आणखीच चिडली. उगाच कुणाला ताटकळत ठेवण्यापेक्षा आत्ताच तुकडा पाडलेला बरा, असं तिने ठरवलं.

"हे बघा," ती थेट त्याच्याकडे बघून म्हणाली, "राग मानू नका. बाबांनी मला न विचारता हे सगळं केलंय. मला लग्न करायचं नाही. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, माफ करा."

तो गोंधळला. त्याने आईकडे पाहिलं, मग हिच्याकडे.

"अहो, माझं कधीच झालंय," तो म्हणाला. "मी फक्त आईला घेऊन आलोय."